४११०३०: सदाशिव पेठेचा पिन, निव्वळ संख्या म्हणून

४११०३० हा सदाशिव पेठेचा पिनकोड. पाकिटावर, कुरिअरच्या पावतीवर, बँकेच्या फॉर्मवर लिहून लिहून तो इतका अंगवळणी पडतो की ही चार लाख अकरा हजार तीस नावाची एक संख्यासुद्धा आहे, हे कुणाच्या मनात येत नाही. या लेखापुरता पत्ता विसरू या. या संख्येला कशाकशानं भाग जातो, ती कशाकशाची बेरीज आहे आणि तिच्या अंकांशी खेळलं तर ती कुठे जाऊन पोचते, एवढंच बघायचं आहे.

हीच संख्या का? गणिताच्या लेखांत भेटणाऱ्या संख्या बहुतेक वेळा निवडून आणलेल्या असतात. हार्डी-रामानुजन आणि १७२९ ची गोष्ट म्हणूनच इथे सांगत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. मला अशी संख्या हवी होती जी कुणी गणित डोक्यात ठेवून निवडलेली नाही. पिनकोड त्याला अगदी योग्य. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि तिची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. केंद्रीय दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्ह्याच्या टपाल वर्गवारीचे (४११ म्हणजे पुणे), शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. सदाशिव पेठेच्या वाट्याला ०३० आलं यामागे अंकगणिताचा काही संबंध नाही. म्हणजे या संख्येत जे काही सापडेल ते कुणी मुद्दाम पेरलेलं नाही.

गणितज्ञांच्या लेखी चार लाख ही मोठी संख्या नव्हेच. पण कागद-पेन्सिलीनं उकलायला बसलं की पुरेशी मोठी वाटते.

आधी तिचे अवयव पाडू. शेवटी शून्य आहे, म्हणून १० नं भाग जातो: १० × ४११०३. आता ४११०३ चे अंक मिळवले तर ४+१+१+०+३ = ९. बेरजेला ९ नं भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ही कसोटी शाळेत पाठ करून घेतात आणि कारण सांगायचं राहून जातं. खरं तर कारण दोन ओळींचं आहे. १० म्हणजे ९+१, १०० म्हणजे ९९+१, १००० म्हणजे ९९९+१. त्यामुळे चाळीस हजार म्हणजे चार वेळा ९९९९ आणि वर उरलेले ४. प्रत्येक स्थानातला नवाच्या पटीतला भाग असा काढून टाकला की मागे नुसते अंक उरतात. म्हणून कुठल्याही संख्येला ९ नं भागून जी बाकी येते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही येते. हे लक्षात असू द्या, पुढे दोनदा लागणार आहे.

४११०३ ला ९ नं भागलं की येतात ४५६७. चार, पाच, सहा, सात, ओळीनं. म्हणजे सदाशिव पेठ बरोबर नव्वद गुणिले ४५६७.

आता ४५६७ ला आणखी कशानं भाग जातो का? ती सम नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, आणि अंकांची बेरीज २२ आहे म्हणून ३ ही गेला. राहिल्या ७, ११, १३, १७ अशा मूळ संख्या. त्या कुठवर तपासायच्या? ६७ पर्यंत. ६७ चा वर्ग ४४८९ आणि ६८ चा ४६२४. ४५६७ चे दोन तुकडे पडत असतील तर दोन्ही तुकडे ६८ किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत, नाहीतर गुणाकार ४५६७ च्या पुढे जाईल. म्हणजे एक तुकडा तरी ६७ च्या आत सापडलाच पाहिजे. ७ पासून ६७ पर्यंत मूळ संख्या सोळा आहेत. सोळा भागाकार केले की ७ नं बाकी ३, ११ नं २, १३ नं ४, १७ नं ११, आणि असंच करत ६१ नं ५३, ६७ नं ११. शून्य कुठेच नाही. ४५६७ ही मूळ संख्या आहे.

इथे जरा थांबू, कारण हे वाटतं त्यापेक्षा दुर्मीळ आहे. १ ते ९ मधले अंक चढत्या क्रमानं सलग लिहून (म्हणजे १२, ३४५, ५६७८९ अशा) बनणाऱ्या, एकाहून जास्त अंकी संख्यांत मूळ संख्या फक्त पाच आहेत: २३, ६७, ८९, ४५६७ आणि २३४५६७८९. तीन अंकी सलग संख्या सगळ्या ३ नं जातात. सहा अंकीही तशाच. ३४५६७ वरून मूळ वाटते, पण ती १३ × २६५९ निघते. १२३४५६७ म्हणजे १२७ × ९७२१. चार अंकी गटात ४५६७ ही एकटीच. आणि ती टपाल खात्यानं, कुणालाही कल्पना नसताना, सदाशिव पेठेच्या पोटात ठेवून दिलेली आहे.

तर ४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७. क्रम बदला, पण याहून वेगळे मूळ अवयव या संख्येचे निघणारच नाहीत. प्रत्येक संख्येचं मूळ संख्यांतलं विघटन एकमेव असतं, ही गोष्ट उघड वाटते. पण तिची नीट, संपूर्ण सिद्धता गाउस या गणितज्ञानं १८०१ साली दिली. संख्येची खरी ओळख हीच. पिनमधला एक अंक बदला आणि ०३१ करा, तर हे अवयव सगळेच्या सगळे नाहीसे होतात आणि नव्या संख्येचे अगदी वेगळे येतात. शेजारी राहणाऱ्या संख्यांत एकही मूळ अवयव सामायिक नसतो.

आपण हे काम वहीच्या एका पानावर केलं. संख्या मोठी झाली की हेच काम अशक्य होत जातं, आणि इंटरनेटवरच्या कुलुपांची एक मोठी जात त्यावरच टिकून आहे. १९७७ मध्ये मांडलेल्या आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांना उघडपणे दिलेला असतो. तो फोडून त्या दोन संख्या मिळवता आल्या तर कुलूप उघडलं. त्यासाठी आव्हान म्हणून जाहीर केलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही असंख्य संगणक कामाला लावून. प्रत्यक्ष वापरातल्या संख्या सहाशेहून अधिक अंकी असतात.

आपल्या संख्येचे विभाजक किती? २ घ्या किंवा सोडा, हे दोन पर्याय. ३ शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा, हे तीन. ५ चे दोन, ४५६७ चे दोन. एकूण २ × ३ × २ × २ = २४ विभाजक. ती संख्या सोडून बाकीच्या तेवीस विभाजकांची बेरीज भरते ६,५७,८८२, म्हणजे खुद्द ४११०३० पेक्षा कितीतरी जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. बेरीज नेमकी तेवढीच भरली तर ती परिपूर्ण, जशा ६ आणि २८. विपुल असण्यात फार कौतुक नाही. ६ च्या पुढची ६ ची प्रत्येक पट विपुल असतेच. तेव्हा पुढे जाऊ.

वर्गांचा प्रश्न मात्र जास्त रसाळ आहे. ४११०३० ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? उत्तर नाही असं आहे, आणि ते एकही वर्ग न तपासता सांगता येतं. ज्या मूळ संख्येला ४ नं भागून ३ उरतात, तिचा स्वभाव विचित्र असतो. तिनं दोन वर्गांच्या बेरजेला भाग गेला, तर दोन्ही वर्गांना वेगवेगळा भाग जावाच लागतो. म्हणजे ती बेरजेत एकटी येऊच शकत नाही, जोडीनंच येते. आपल्या संख्येत ३ आहे, पण तो दोनदा आलाय, त्यामुळे तिथे अडचण नाही. ४५६७ ला ४ नं भागलं की उरतात ३, आणि ती आली आहे एकटी. तिथेच विषय संपतो. हा नियम फर्मा या गणितज्ञानं सांगितला आणि पुढे ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञानं सिद्ध केला.

तीन वर्ग चालतील? इथला नियम वेगळा. ८ नं भागून ७ उरणाऱ्या संख्या, आणि त्यांना ४ नं कितीही वेळा गुणून मिळणाऱ्या संख्या, तीन वर्गांत बसत नाहीत. बाकी सगळ्या बसतात. आपल्याला ८ नं भागून ६ उरतात, म्हणजे वाट मोकळी आहे. शोधायला गेलं तर पहिल्याच झटक्यात सापडतं. ४११०३० च्या आतला सर्वांत मोठा वर्ग ६४१ चा, ४,१०,८८१. उरले १४९, आणि १४९ म्हणजे १०० + ४९. तेव्हा सदाशिव पेठ म्हणजे ६४१ चा वर्ग, १० चा वर्ग आणि ७ चा वर्ग. ६४१ ही गणितात गाजलेली संख्या आहे. २ चा ३२ वा घात अधिक १ ही संख्या मूळ असावी असं फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरनं दाखवून दिलं की तिला ६४१ नं भाग जातो. पिनकोडात तिची गाठ पडावी हा शुद्ध योगायोग.

आता कापरेकरांकडे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म १९०५) फर्ग्युसन कॉलेजात शिकले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. संख्यांच्या अंकांशी खेळणं हा त्यांचा छंद. त्यांच्या हयातीत बऱ्याच पंडितांनी तो पोरखेळ मानला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर जगभर नाव झालं.

कापरेकरांच्या हर्षद संख्या म्हणजे ज्यांना स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो त्या. ४११०३० च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ नं भाग जातो हे आपण बघितलंच. सदाशिव पेठ हर्षद आहे. खुद्द फर्ग्युसनचा पिन ४११००४: बेरीज १०, शेवटी शून्य नाही, त्यामुळे हर्षद नाही.

त्यांचा दुसरा खेळ मला जास्त आवडतो. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, जे येईल त्याच्यावर पुन्हा तेच करा. ४११०३० + ९ = ४११०३९. हा भोसरीचा पिन. त्याच्या अंकांची बेरीज १८, म्हणून पुढची संख्या ४११०५७. हे हिंजवडी. मागे गेलं तर? ४११०३० येते ४११०२१ मधून, म्हणजे बावधनमधून. बावधन येतं ४११०१२ मधून, म्हणजे दापोडीतून. दापोडी येते ४११००३ मधून, म्हणजे खडकीतून. खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी, हिंजवडी. पीएमपीनं, म्हणजे पुण्याच्या बससेवेनं, असा मार्ग आखला तर लोक मोर्चा काढतील, पण कापरेकरांच्या नियमानं तो सरळ आहे. पहिली चार ठिकाणं हर्षद आहेत. भोसरी आणि हिंजवडी नाहीत, कारण बेरीज १८ आणि संख्या विषम. हिंजवडी हर्षद नाही हे तिथल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांना सिद्ध करून दाखवायची गरज नसावी.

मग असा प्रश्न येतो की अशी एखादी संख्या आहे का, जी कुठल्याच संख्येतून या रीतीनं येत नाही? आहेत, आणि अनंत आहेत. त्यांना स्वयंभू संख्या म्हणतात. कापरेकरांच्या गावावरून देवळाली संख्या असंही नाव आहे. पुण्याच्या पिनकोडांत मी शोधायला लागलो आणि ४११०११ वर थांबलो. तपासून बघा. समजा ती न या संख्येतून आली आहे. न आणि न च्या अंकांची बेरीज या दोहोंना ९ नं भागून सारखीच बाकी उरते (हाच तो मघाचा नियम). ४११०११ ची बाकी ८, म्हणून न ची ४ असली पाहिजे. सहा अंकांची बेरीज ५४ च्या पुढे जात नाही. तेव्हा बेरीज असू शकते ४, १३, २२, ३१, ४० किंवा ४९, आणि न असू शकतो ४११००७, ४१०९९८, ४१०९८९, ४१०९८०, ४१०९७१ किंवा ४१०९६२. यांच्या अंकांच्या खऱ्या बेरजा आहेत १३, ३१, ३१, २२, २२, २२. एकही जागच्या जागी जुळत नाही. ४११०११ स्वयंभू आहे. आणि ४११०११ हा पिन आहे कसबा पेठेचा, जिथून पुणं सुरू झालं आणि जिथे पुण्याचं ग्रामदैवत बसलंय, तिचा.

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा, आणि हे करत राहा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबता. सहा अंकांना मात्र एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन थांबे आहेत, आणि तिसरी एक गंमत आहे. सदाशिव पेठेला ती लागू पडते. ४३११०० वजा ००११३४ = ४२९९६६. मग ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. संख्या थांबतच नाही, सात टप्प्यांच्या चक्रात फिरत राहते. पेठेत पार्किंग शोधत वन-वेमधून फिरणाऱ्या गाडीसारखी. या चक्रातली प्रत्येक संख्या ९ नं जाते, कारण तेच अंक उलटसुलट करून वजाबाकी केली की दोन्हीकडच्या बाक्या एकमेकींना खातात.

आता मला जे म्हणायचं होतं त्याकडे येतो. वरच्या सगळ्या गुणांत दोन जाती आहेत, आणि त्या एकत्र सांगितल्या की घोटाळा होतो. ४५६७ मूळ असणं, २४ विभाजक असणं, दोन वर्गांत न मावणं, हे गुण त्या संख्येचे आहेत. तेवढे खडे मोजून ठेवले तरी ते गुण राहतील. हर्षद असणं, हिंजवडीला पोचणं, चक्रात अडकणं आणि ४-५-६-७ ओळीनं दिसणं हे मात्र आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून घडतं. कापरेकरांवर नाक मुरडणाऱ्यांचा आक्षेप हाच होता. तो खोटा नाही. पण त्यामुळे खेळ फालतू ठरतो असं मला वाटत नाही. नवाची कसोटीसुद्धा दशमान पद्धतीचीच लेक आहे, आणि तिच्या आधारानं आपण लाखो संख्यांमधून सहा उमेदवार वेचून काढले.

वेगळ्या पद्धतीत लिहून बघितलं की कुठला गुण कुणाचा ते लगेच कळतं. संगणकाच्या ०-१ च्या द्विमान पद्धतीत ४११०३० असं दिसतं: ११००१०००१०११००१०११०. यात एक किती वेळा आला? नऊ वेळा. म्हणजे सदाशिव पेठ इथेही हर्षद! तीनाच्या पटीत लिहिलं तर अंकांची बेरीज १४ येते. १४ नं भाग जायला ७ लागतो आणि आपल्या अवयवांत ७ नाही, त्यामुळे तिथे हर्ष मावळतो. द्विमान पद्धतीत कापरेकरांचा प्रवास केला तर पहिली पायरी तीच, ४११०३९, भोसरी. पण भोसरीत द्विमान एक अकरा आहेत, त्यामुळे पुढची संख्या ४११०५० येते आणि हिंजवडी हुकते.

आणि कसबा पेठ? द्विमान पद्धतीत ती स्वयंभू राहत नाही. ४११००१ द्विमान पद्धतीत लिहिली तर तिच्यात दहा एक असतात, आणि ४११००१ अधिक १० म्हणजे ४११०११. ४११००१ हा पिन कॅम्पाचा. कसबा कॅम्पातून निघाली हे गणितानं सिद्ध केलं तरी कुठल्या पुणेकराला पटवून द्यायची हिंमत माझ्यात नाही.